यात्रेच्या गर्दीत बावरणारे मूल



आपल्या जिल्ह्यातील शाळांचे वर्ष जसे परीक्षांचे व सुट्यांचे, तसेच ते यात्रा-जत्रांचेही आहे. आषाढात पंढरीहून परतणाऱ्या वारकऱ्यांची नर्सी नामदेव येथे दाटी होते. अनंत चतुर्दशीस हिंगोलीच्या चिंतामणी गणपतीपुढे नवसाच्या मोदकासाठी लोकांच्या रांगा लागतात. आश्विनात रामलीला मैदानावर दसऱ्याचा महोत्सव भरतो, आणि महाशिवरात्रीस औंढा नागनाथाच्या दर्शनाला दूरदूरचे भाविक येतात. या सर्व ठिकाणी आपली मुले आईबापांचे बोट धरून जातात. कित्येकदा शाळेच्या सहलीबरोबर ती आपल्याच देखरेखीखाली जातात. बहुतेकांना त्यात आनंदच वाटतो. परंतु शेकड्यात काही मुले अशी असतात की, ज्यांना ही गर्दी, हा गोंगाट व हा झगमगाट सोसत नाही. ती ओरडतात, कान झाकतात, पळू लागतात, किंवा दगडासारखी जागच्या जागी थिजतात. अशा मुलाचे काय करावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

एका चुकीची कबुली

हा विषय मी पुस्तकातून शिकण्यापूर्वी एका चुकीतून शिकलो. ती चूक माझी स्वतःची असल्यामुळे ती येथे सांगण्यास संकोच वाटत नाही.

मी नोकरीस लागून दोन-तीन वर्षे झाली होती. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच मोडत असे. स्वतंत्र जिल्हा पुढे १ मे १९९९ रोजी झाला. श्रावणातल्या एका सोमवारी आम्ही दोघे शिक्षक चाळीसएक मुले घेऊन औंढ्यास गेलो. ज्यांनी ते मंदिर पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की, तेथील ज्योतिर्लिंग गाभाऱ्याखालच्या लहानशा तळघरात आहे. अरुंद पायऱ्यांनी वाकून खाली उतरावे लागते आणि आत एका वेळी थोडीच माणसे मावतात. त्या दिवशी रांग दाट होती, घंटांचा नाद चालू होता, धूप-कापराचा वास कोंडला होता आणि ओल्या फरशीवर पाय घसरत होते.

तिसरीतला एक मुलगा पायऱ्यांच्या तोंडाशी थांबला. त्याने दोन्ही कान घट्ट दाबले आणि तो किंचाळू लागला. मागून लोक ओरडत होते, “गुरुजी, लेकरू पुढं घ्या की!” मला लाज वाटली, आणि लाजेचा राग झाला. मी त्याला एक चपराक मारली व दंड धरून खाली नेले. तो एकदम गप्प झाला. शिस्तीचा परिणाम झाला असे मी समजलो. बाहेर आल्यावर पाहिले, तर त्याची चड्डी भिजली होती आणि हातपाय गार पडले होते.

त्यानंतर तो कित्येक दिवस शाळेत आला नाही. मी घरी गेलो तेव्हा त्याची आई मला काहीच बोलली नाही. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि ती आत गेली. पुष्कळ दिवसांनी मुलगाच एकदा मला म्हणाला, “गुर्जी, घंटा बाहेर नव्हती वाजत, डोक्यातच वाजत होती.” या एका वाक्याचा अर्थ समजण्यास मला बरीच वर्षे लागली. आज बालकांच्या शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यातील १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेस बंदी आहे. परंतु तो कायदा नसता तरीही ती चपराक चूकच होती. कारण जे त्या मुलाच्या हाती नव्हते, त्याची शिक्षा मी त्याला केली होती.

शरीरात काय घडते

आपली इंद्रिये क्षणोक्षणी असंख्य संवेदना आत आणीत असतात. मेंदू त्यातून कामाच्या तेवढ्या निवडतो व उरलेल्या बाजूस सारतो. वर्गात शिकविताना पंख्याची घरघर आपल्या ध्यानातही येत नाही, ती याच निवडीमुळे. परंतु आवाज, प्रकाश, वास, धक्के आणि उकाडा ही सर्व एकाच वेळी अंगावर आली म्हणजे ही निवड कोलमडू शकते. मूल थकलेले, उपाशी, तहानलेले किंवा अपुऱ्या झोपेचे असल्यास ती अधिक लवकर कोलमडते. काही मुलांच्या मेंदूची घडणच अशी असते की, इतरांना साधा वाटणारा आवाज त्यांना बोचतो. स्वमग्न मुलांमध्ये हे विशेषेकरून आढळते. तथापि ज्यांना असे कोणतेही निदान लागू नाही अशा मुलांतही ते असू शकते.

निवड कोलमडली की मेंदू शरीराला संकटाची सूचना देतो. ॲड्रिनलिन नावाचा स्राव रक्तात मिसळतो, हृदय धडधडू लागते, श्वास जलद होतो, घाम सुटतो व स्नायू ताठरतात. वाघ पुढे आला असता पळून जाण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी हीच तयारी उपयोगी पडली असती. येथे वाघ नसतो, तयारी मात्र तीच असते. शिवाय फार जलद श्वास घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे बोटांना मुंग्या येतात, डोके गरगरते व छाती आवळल्यासारखी वाटते. “आता मी मरतो” असे त्या माणसाला वाटते, आणि या वाटण्यानेच भीती आणखी वाढते. हे चक्र बहुधा दहा मिनिटांच्या आत शिगेस पोचते आणि मग ओसरू लागते. ते ओसरतेच, हे शिक्षकाने स्वतः पक्के ध्यानात ठेवावे. कारण मुलाला धीर देण्याचे सामर्थ्य या ज्ञानातून येते.

खेड्यात अशा वेळी “नजर लागली”, “बाहेरचे झाले” असे म्हणण्याची रीत आहे. पालकांच्या भावनेचा उपहास करण्याचे कारण नाही. मात्र कांदा हुंगविणे, तोंडावर पाण्याचे सपकारे मारणे, चारचौघांनी दाबून धरणे यांमुळे इंद्रियांवरचा भार वाढतो, हे त्यांना प्रेमाने सांगावे.

हट्ट आणि अतिभार

“गुरुजी, हे नाटक कशावरून नाही?” असा प्रश्न मला प्रशिक्षण वर्गांत नेहमी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. फुग्यासाठी हट्ट धरणारे मूल रडताना मधूनमधून आपल्याकडे पाहते; फुगा मिळाला की त्याचे रडे थांबते. ज्याच्या इंद्रियांवर अतिभार पडला आहे, ते मूल कोणाकडेच पाहत नाही. त्याला जिलेबी दिली तरी ते थांबत नाही. आवाज थांबला किंवा त्याला दूर नेले तरच ते थांबते, आणि थांबल्यावर अगदी गळून जाते. पुष्कळदा आधी खुणा दिसतात. मूल बोलेनासे होते, बाही चावते, पायांच्या बोटांवर चालते, आपल्या पाठीशी लपते, पुनःपुन्हा “घरी कधी जायचं?” असे विचारते. या खुणा ओळखल्या तर निम्मे काम होते. कारण अतिभार होण्यापूर्वी मुलाला बाजूस घेणे सोपे असते, झाल्यानंतर ते कठीण जाते.

त्या घटकेस काय करावे

१. प्रथम स्वतःचा आवाज उतरवावा. मुलाच्या उंचीइतके खाली बसावे व लहान वाक्ये बोलावीत. “मी आहे. आपण बाजूला जाऊ.” एवढे पुरते. प्रश्नांची सरबत्ती करू नये, उपदेश तर मुळीच करू नये.

२. मुलास गर्दीच्या कडेला न्यावे. भिंतीचा आडोसा, झाडाची सावली, एखाद्या दुकानाची मागची बाजू, उभी असलेली एस.टी. यांपैकी जे जवळ असेल ते चांगले. दर्शन राहिले तर राहू द्यावे.

३. आवाज व प्रकाश कमी करावा. मफलर किंवा कानटोपी कानांवर ओढावी, डोळ्यांवर पदर वा रुमाल धरू द्यावा. पाणी एकेक घोट द्यावे.

४. मुलाच्या संमतीवाचून त्याला कवटाळू नये. काहींना पाठीवर स्थिर हात ठेवल्याने बरे वाटते, तर काहींना तोही स्पर्श बोचतो. हात पुढे करावा आणि मुलाने तो धरण्याची वाट पाहावी.

५. श्वास संथ करवावा. “दीर्घ श्वास घे” असे सांगितले की घाबरलेले मूल आणखी जोराने हवा ओढते. त्यापेक्षा “गरम दुधावर फुंकर घाल” असे सांगावे व आपण घालून दाखवावी. मनात तीन आकडे मोजेपर्यंत श्वास आत आणि सहा मोजेपर्यंत बाहेर, हे प्रमाण मोठ्यांनाही उपयोगी आहे. तोंडाशी कागदाची पिशवी धरण्याचा जुना उपाय करू नये. दम्याच्या रोग्यास तो अपायकारक ठरू शकतो.

६. मूल थोडे सावरले की त्याचे लक्ष भोवतालच्या साध्या वस्तूंकडे वळवावे. दिसणाऱ्या पाच वस्तू, हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज अशी गणती करवावी. मोजणारे मन हळूहळू भानावर येते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. मूल बेशुद्ध पडले, त्यास आकडी आली, श्वासात घरघर होऊ लागली किंवा ओठ निळसर दिसू लागले, तर ही केवळ घबराट आहे असे धरून चालू नये. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात न्यावे. प्रौढ माणसाच्या छातीत कळा येत असतील तरीही हाच नियम पाळावा.

खोटी भीती आणि खरा धोका

येथपर्यंत आपण ज्या भीतीचा विचार केला तीत मुलाचे शरीर संकट नसताना संकटाची सूचना देते. परंतु गर्दीत खरे संकटही असू शकते, आणि शिक्षकाला या दोहोंतील भेद कळला पाहिजे.

२५ जानेवारी २००५ रोजी, शाकंभरी पौर्णिमेस, सातारा जिल्ह्यातील मांढरदेवीच्या यात्रेत जवळजवळ तीनशे भाविक मृत्युमुखी पडले. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या, वाट अरुंद होती, माणसे घसरून एकमेकांवर पडली आणि पुढे दुकानांना आगही लागली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी मुंबईतील तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताच्या प्रभादेवी स्थानकाच्या पादचारी पुलावर पावसामुळे लोक थांबून राहिले आणि चेंगराचेंगरीत २३ जणांचे प्राण गेले. “फूल गिर गया” हे शब्द कोणी “पूल गिर गया” असे ऐकले व पळापळ झाली, असे वाचलेल्या एका प्रवाशाने सांगितल्याचे वृत्त तेव्हा छापून आले होते.

अशा दुर्घटनांत माणसे मुख्यतः तुडविली जाऊन मरतात अशी समजूत आहे. वास्तविक पुष्कळ मृत्यू उभ्याउभ्याच, छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्याने होतात. एका चौरस मीटर जागेत पाच-सहांहून अधिक माणसे दाटली की गर्दी पाण्याच्या लोंढ्यासारखी हलू लागते आणि कोणाचेही पाय त्याच्या ताब्यात राहत नाहीत. हे प्रमाण मुलांना समजावे म्हणून शाळेच्या ओट्यावर खडूने एक मीटर लांबी-रुंदीचा चौकोन आखावा व त्यात तीन मोठ्या माणसांना उभे करावे. त्याहून अधिक उभे करून पाहू नये. तिघांनीच जागा कशी भरते ते दिसते.

यावरून काही नियम निघतात. खांद्याला खांदे सर्व बाजूंनी लागू लागले की, पुढे काय आहे याची वाट न पाहता बाहेर पडावे. लोंढ्याच्या विरुद्ध ढकलू नये. तो थोडा सैल पडताच तिरपे सरकत कडेला यावे. दोन्ही हात छातीपुढे दुमडून श्वासापुरती जागा राखावी. खाली पडलेली चप्पल किंवा पिशवी उचलण्यास वाकू नये. लहान मुलास उचलून घ्यावे. भिंतीला, कठड्याला वा बंद फाटकाला चिकटून उभे राहू नये. आणि कोणीही काही ओरडले तरी ते खात्रीवाचून पुढे ओरडू नये. या अखेरच्या नियमाचे महत्त्व प्रभादेवीच्या उदाहरणावरून मुलांनाही सहज पटते.

सारांश, दाटी नसताना मूल घाबरले तर त्याच्या मनाला सांभाळावे. दाटी असताना ते घाबरले तर त्याच्या भीतीचे ऐकावे. पुष्कळदा लहान मुलाला जे आधी जाणवते ते आपल्याला उशिरा समजते.

पूर्वतयारी

सहलीचे यश निघण्यापूर्वीच ठरते. यात्रेचा मुख्य दिवस सहलीसाठी शक्यतो निवडू नये. आदल्या वा नंतरच्या आठवड्यातील साध्या दिवशी, सकाळच्या वेळी जावे. कोठे जायचे, तेथे काय दिसेल, कोणते आवाज होतील, याचे चित्र फळ्यावर काढून सांगावे. ज्याला पुढे काय होणार हे माहीत आहे, ते मूल कमी बावरते. मुलांच्या जोड्या लावाव्यात. प्रत्येकाच्या खिशात शाळेचे नाव व शिक्षकाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी; चुकलेल्या मुलासाठी १०९८ हा क्रमांकही तीवर लिहावा. चुकामूक झाल्यास कोठे थांबायचे ती खूण पोचताच दाखवावी. न बोलता “मला बाहेर जायचे आहे” हे सांगण्याची एक खूण, उदाहरणार्थ छातीवर आडवा हात, सर्वांनी मिळून ठरवावी. ती खूण केली असता कोणी हसणार नाही, हे वर्गात आधीच वदवून घ्यावे. फुंकरीचा श्वास परिपाठात दररोज दोन मिनिटे करवावा. आधी अंगवळणी पडलेली गोष्टच घाबरल्यावर आठवते.

पुढील काळजी

एकदा असे झाले म्हणून त्या मुलाला प्रत्येक गर्दीपासून कायमचे दूर ठेवणे हाही उपाय नव्हे. टाळत गेल्याने भीती मुरत जाते. पालकांच्या साह्याने पायरीपायरीने सवय करावी. प्रथम आठवडी बाजार उठण्याच्या वेळी कडेने पाच मिनिटे फिरावे. ते जमले की थोडे आत जावे. पुढे भर बाजारात एकच वस्तू विकत घेऊन परतावे. प्रत्येक पायरीवर मूल स्वस्थ झाल्याखेरीज पुढची घेऊ नये, आणि मागे यावे लागले तर त्यास भित्रा म्हणू नये. मात्र ज्या मुलाच्या मेंदूची घडणच वेगळी आहे, त्याला सवयीने सर्व काही सोसेल अशी अपेक्षा धरू नये. त्याच्यासाठी आवाज कमी करणे, कानांवर आच्छादन देणे, त्याला लवकर परत आणणे ही सोय हाच खरा उपाय होय.

मूल वर्गातही घंटेच्या आवाजाने दचकत असेल, नजर देत नसेल, कपड्याच्या शिवणीने बेचैन होत असेल, किंवा भीतीमुळे शाळाच टाळत असेल, तर शाळा तपासणीस येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकास ते अवश्य दाखवावे व तालुक्याच्या विशेष शिक्षकांचा सल्ला घ्यावा. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात नोंदलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे; त्यामुळे निदान झाल्यास मुलाला सवलती मिळू शकतात. निदान करणे हे मात्र वैद्यांचे काम आहे. आपण निरीक्षण लिहून द्यावे, शिक्का मारू नये.

शेवटी शिक्षकांविषयीही दोन शब्द. निवडणुकीच्या आदल्या दिवशी साहित्य वाटपाच्या मंडपात, ध्वनिक्षेपकाच्या कल्लोळात ज्यांचा जीव घाबरा होतो असे बंधुभगिनी आपल्यातही आहेत. पुरुष ते बोलून दाखवीत नाहीत आणि स्त्रिया “उन्हामुळे चक्कर आली” असे सांगतात. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. जो श्वास मुलांना शिकवायचा तोच आपणही घ्यावा. त्रास वरचेवर होत असेल तर शासनाच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

औंढ्याला मी पुढे अनेकदा मुले घेऊन गेलो. तळघराच्या पायऱ्यांशी मी आता प्रत्येक मुलाला विचारतो, “उतरायचं का वरूनच नमस्कार करायचा?” वरूनच नमस्कार करणारी दोन-चार मुले दर वेळी निघतात. ती सभामंडपाच्या कोपऱ्यात दुसऱ्या शिक्षकाजवळ बसतात, खांबांवरची शिल्पे पाहतात आणि इतरांबरोबर हसत परत येतात. हा प्रश्न विचारण्यास अर्धे मिनिटही लागत नाही. तो मी त्या दिवशी त्या मुलाला विचारला नाही. आपण आपल्या मुलांना तो अवश्य विचारावा, एवढीच विनंती.